ताप पावसाचा की कामाचा?

दरवर्षी पहिला मोठा पाऊस झाला, हिंदमाता, मिलन सब-वे, कुर्ला, शीव या ठिकाणी गुडघाभर पाणी साचले, लोकल बंद पडल्या की दोन-तीन दिवसांनी मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. 'साचलेल्या पाण्यातून चाललात? ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा!' महानगरपालिकेचे आरोग्य खाते पत्रक काढते. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, गमबूट घाला, डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिनची गोळी घ्या. सल्ला चांगला आहे, शास्त्रीय आहे, त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, हे पत्रक कोणाला उद्देशून आहे? पाण्यात जाऊ नका असे ज्याला सांगता येते तो माणूस वेगळा आणि त्याच पाण्यात उतर म्हणून ज्याला सकाळी सकाळी चौकीवरून पाठवले जाते तो माणूस वेगळा. पहिल्यासाठी पत्रक आहे. दुसऱ्यासाठी मुकादम आहे.

काही वर्षांपूर्वी उपनगरातल्या एका वस्तीतून आम्हाला फोन आला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन सर्वांत पुढे चालणारा, विहाराच्या प्रत्येक कामाला धावून येणारा एक तरुण गेला होता. वय अवघे एकतीस. नालेसफाईच्या कंत्राटी कामावर होता. पाऊस लांबला म्हणून गाळ काढायचे काम जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालले आणि नंतर कोसळलेल्या पावसात तुंबलेल्या जाळ्या मोकळ्या करायलाही याच पोरांना उतरवले गेले. काम संपले, हिशेब झाला, तो घरी बसला. सातव्या-आठव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने 'व्हायरल' म्हणून गोळ्या दिल्या, एक सुई मारली. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला संडासपर्यंत चालवेना. डोळे लाल झाले होते. बायकोला शेजारणींनी विचारले, 'पिऊन पडलाय का गं?' चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले तेव्हा घरच्यांनी त्याला सरकारी रुग्णालयात नेण्याऐवजी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेले. होय, बाबासाहेबांचा फोटो ज्या भिंतीवर आहे त्याच घरातून नेले, हेही आम्ही लपवणार नाही. रुग्णालयात पोहोचेपर्यंत लघवी बंद झाली होती. तिसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त आले आणि संध्याकाळी तो गेला.

अंत्यविधीनंतर आम्ही चार-पाच जण कंत्राटदाराच्या माणसाला भेटलो. तो उद्धटपणे बोलला नाही, अगदी शांतपणे बोलला. 'साहेब, तो आजारी पडून गेला. कामावर नाही गेला. आठ दिवस तर तो कामावरच नव्हता.' हजेरीपत्रक दाखवा म्हटल्यावर ते त्याच्याकडे नव्हते. मृत्युदाखल्यावर अवयव निकामी झाल्याचे कारण होते. त्या कुटुंबाला एक पैसा मिळाला नाही. आम्हालाही त्या वेळी काय मागायचे, कोणाकडे मागायचे आणि कोणत्या कायद्याने मागायचे, हे ठाऊक नव्हते. हा लेख त्या अज्ञानाची उशिरा केलेली भरपाई समजावी.

हा लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस आहे तरी काय, ते आधी समजून घेऊ. लेप्टोस्पायरा नावाचा मळसूत्री आकाराचा, अतिशय बारीक जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो. उंदराला त्याचा काहीही त्रास होत नाही. तो जन्मभर हिंडतो, खातो आणि लघवीवाटे जंतू बाहेर टाकत राहतो. गाय, म्हैस, डुक्कर, कुत्रा यांच्यातही हा जंतू असतो. खारे पाणी त्याला मानवत नाही, कडक ऊन आणि कोरडी जमीन त्याला मारते. पण गोडे साचलेले पाणी, चिखल, ओली माती मिळाली की तो कित्येक दिवस, कित्येकदा आठवडेही टिकून राहतो. माणसाच्या कातडीवर ओरखडा असेल, भेग असेल, तासन्‌तास पाण्यात राहून कातडी पांढरी-मऊ झाली असेल तर तिथून तो आत शिरतो. डोळ्यांत, नाकातोंडात पाणी उडाले तरी शिरतो. त्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवस माणसाला काहीच कळत नाही. कधी दोनच दिवसांत ताप येतो, तर कधी महिनाही जातो. मग ताप, डोकेदुखी, अंगदुखी आणि विशेषतः पोटऱ्यांचे दुखणे. बहुतेक रुग्ण बरे होतात. ज्यांचे बिघडते त्यांना कावीळ होते, मूत्रपिंड बंद पडते आणि फुप्फुसात रक्तस्राव झाला तर निम्म्याहून अधिक रुग्ण हाताला लागत नाहीत.

औषध म्हणाल तर ते महाग नाही. पेनिसिलिन आणि डॉक्सिसायक्लिन ही जुनी, स्वस्त, कोणत्याही सरकारी दवाखान्यात असायला हवीत अशी औषधे आहेत. पहिल्या तीन-चार दिवसांत दिली तर माणूस वाचतो. अडचण अशी की, पहिल्या आठवड्यात रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत हा रोग बरेचदा दिसतच नाही, कारण ती तपासणी शरीरात तयार होणारी प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणजे अहवाल 'निगेटिव्ह' आला तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी डॉक्टरकडे एकच हत्यार उरते, आणि ते म्हणजे प्रश्न. 'काम काय करतोस? गेल्या पंधरा दिवसांत कुठल्या पाण्यात उतरला होतास?' लेप्टोच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या फेन यांच्या गुणपद्धतीत या प्रश्नाच्या उत्तराला गुण आहेत. पुढे भारतीय डॉक्टरांनी या पद्धतीत सुधारणा केली, तेव्हा पावसालाही गुण दिले. म्हणजे शास्त्र म्हणते, रुग्णाचे काम विचारा. पण आमच्या त्या तरुणाला कोपऱ्यावरच्या डॉक्टरपासून रुग्णालयाच्या केसपेपरपर्यंत कोणीही काम विचारले नाही. केसपेपरवर धर्माचा रकाना होता, तो मात्र भरलेला होता.

एक गोष्ट आणखी. हा रोग माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. रुग्णाला शिवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने, त्याच्या शेजारी झोपल्याने होत नाही. शिवल्याने काही होत नाही, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. पण शेजाऱ्यांना अजून सांगावे लागते!

आता या रोगाची देशातली वाट पाहा. ती वाट नकाशावर काढली तर नद्यांची किंवा पर्जन्यमानाची होणार नाही, ती कामाची होईल. कालापाणीच्या अंदमानात या रोगावर टेलर आणि गोयल या दोघांनी १९३१ साली अहवाल प्रसिद्ध केला. अंदमान म्हटले की मराठी वाचकाला एकच कोठडी आठवते, कारण शाळेत तेवढीच शिकवली जाते. पण त्या बेटांवर ज्यांनी पावसात-चिखलात उभे राहून जंगले तोडली, वसाहती उभ्या केल्या ते हजारो कैदी निनावीच राहिले. पुढे १९८८ पासून उत्तर अंदमानातल्या दिगलीपूर भागात दर पावसाळ्यानंतर एक भयंकर ताप येऊ लागला. तरणीताठी माणसे रक्त ओकून मरत. त्याला नाव पडले 'अंदमानचा रक्तस्रावी ताप'. पाच-सहा वर्षांनी शास्त्रज्ञांनी सिद्ध केले की हा कोणता नवा विषाणू नव्हे, हा लेप्टोच आहे. या भागात भातशेती करणारे कोण? फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या ज्या निर्वासितांना सरकारने बेटांवर नेऊन वसवले त्यांच्यात नमःशूद्रांचा भरणा मोठा होता. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४६ साली बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले तेव्हा जोगेंद्रनाथ मंडल आणि ज्या नमःशूद्र समाजाने त्यांच्यामागे आपली ताकद उभी केली, तोच हा समाज! देशाला घटनाकार देणाऱ्या समाजाच्या वाट्याला आली ती समुद्रापलीकडची ओली भातखाचरे.

दक्षिण गुजरातकडे या. सुरत, नवसारी, वलसाड हे जिल्हे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा देशभर हलकल्लोळ माजला, लाखो माणसे शहर सोडून पळाली, परदेशांनी विमाने बंद केली. त्यानंतर तिथे सूर्यदेवरा रामचंद्र राव नावाचे आयुक्त आले आणि त्यांनी शहर इतके झाडून काढले की सुरतेचे कौतुक देशभर झाले. ते योग्यच झाले. पण त्याच काळापासून सुरतेच्या भोवतालच्या भाताच्या आणि उसाच्या शेतांत लेप्टो दर पावसाळ्यात बळी घेत आला आहे. तिथे विमाने बंद पडली नाहीत, कारण तिथे मरणारा हळपती होता, आदिवासी शेतमजूर होता. अनवाणी पायाने दुसऱ्याच्या शेतात लावणी करणारा होता. प्लेगने शहराला घाबरवले म्हणून शहर स्वच्छ झाले. लेप्टोने शहराला घाबरवले नाही.

ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर लेप्टो पसरला. केरळात त्याला 'एलिप्पनी' म्हणजे उंदीरताप म्हणतात आणि तिथे तो लहान मुलालाही ठाऊक आहे. २०१८ च्या महापुरानंतर केरळात त्याची मोठी साथ आली. घरांतला गाळ काढणारे, गुरांची प्रेते पुरणारे, मदतीला धावलेले स्वयंसेवक आजारी पडले. परंतु केरळने एक गोष्ट केली. रोजगार हमीवर कालवे-गटारे साफ करणाऱ्या स्त्री-पुरुषांना आठवड्याला एक याप्रमाणे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या कामाच्या ठिकाणी नेऊन दिल्या, 'डॉक्सी डे' म्हणून दिवसच पाळला. म्हणजे करायचे ठरवले तर करता येते. केरळात आकडे मोठे दिसतात म्हणून काहींना केरळ रोगट वाटते. आम्हाला वाटते, तिथे निदान मोजतात तरी.

आणि आपली मुंबई! २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. माणसे गाड्यांत गुदमरून मेली, दरडीखाली गाडली गेली. त्यानंतरच्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी 'मुंबईचे स्पिरिट' या विषयावर रकानेच्या रकाने भरले. अनोळखी माणसांनी बिस्किटे वाटली, घरात आसरा दिला, हे खरेच आहे आणि सुंदर आहे. पण पाणी ओसरल्यावर या शहरात काय उरले होते ते आठवा. तबेल्यांत दावणीला बांधलेल्या शेकडो म्हशी बुडून मेल्या होत्या. देवनारच्या परिसरात हजारो शेळ्या-मेंढ्या मरून फुगल्या होत्या. कुर्ला, कलिना, साकीनाका इथल्या गल्ल्यांत कचरा, गाद्या, सडलेले धान्य आणि मेलेले उंदीर यांचा चिखल झाला होता. ते सारे कोणी उचलले? स्पिरिटने उचलले काय? ते उचलले झाडूखात्यातल्या माणसांनी, सुट्या रद्द करून, अनेकांनी उघड्या हातांनी. ऑगस्टमध्ये रुग्णालयांचे वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरले आणि लेप्टोचे प्रमाण आधीच्या वर्षांच्या कितीतरी पट झाले.

इथे आम्हाला महाड आठवते. १९ आणि २० मार्च १९२७ च्या त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या समाजाला मेलेली ढोरे ओढणे सोडा, मृतमांस सोडा असे बजावले होते. आमच्या आज्या-पणज्यांनी उपासमार पत्करून, गावाचा बहिष्कार सोसून ते सोडले. ज्या तळ्यावर गुरे-ढोरे खुशाल पाणी पीत, तिथे माणसाला ओंजळ भरण्याची बंदी होती, तीही मोडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांनी पाहावे तर गाव सुटला होता, गावकी सुटली होती, पण मुंबईसारख्या शहरात मेलेली म्हैस दोराने ओढणारे हात पुन्हा त्याच समाजांतले! गावात बलुते होते, इथे कंत्राट आहे. काही जण म्हणतील, असे कुठे आहे, सफाई कामात आता सगळ्या जातींचे लोक असतात. त्यांनी केंद्र सरकारच्याच 'नमस्ते' योजनेची माहिती पाहावी. २०२४ साली बाहेर आलेल्या त्या माहितीनुसार गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करणाऱ्या नोंद झालेल्या सुमारे ३८ हजार कामगारांपैकी सुमारे ९२ टक्के अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी होते. एकट्या अनुसूचित जातीचेच सुमारे ६९ टक्के. हा आकडा आमचा नाही, सरकारचा आहे.

गटारात गुदमरून मेलेल्या माणसासाठी चळवळीने लढून काही मिळवले आहे. २०१३ चा कायदा आला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. आदेश किती पाळले जातात हा वेगळा विषय, त्यावर या स्तंभात यापूर्वीही लिहिले आहे. पण तो मृत्यू निदान दिसतो. मॅनहोलचे झाकण उघडे असते, बाहेर गर्दी असते, पोलीस पंचनामा करतात. लेप्टोने जाणाऱ्याचा पंचनामा होत नाही. त्याचे पाणी आणि त्याचा ताप यांच्यात दहा दिवसांचे अंतर असते. तो घरी आजारी पडतो, रुग्णालयात मरतो आणि सरकारदरबारी 'पावसाळी आजार' या रकान्यात जाऊन बसतो. मलेरिया, डेंगी, गॅस्ट्रो, लेप्टो, अशी एक यादी प्रसिद्ध होते. वयोगट असतो, वॉर्ड असतो. कामाचा धंदा मात्र त्या यादीत नसतो. या दहा दिवसांच्या फटीतून कंत्राटदार सुटतो, मुकादम सुटतो, पालिका सुटते. उंदीर तर सुटलेलाच असतो.

उंदरांचेही पाहा. पालिकेच्या कीटकनाशक खात्यात मूषक संहारक नावाचे कामगार असतात. एका हातात बॅटरी, एका हातात काठी घेऊन रात्रभर बाजार, गल्ल्या, उकिरडे पालथे घालायचे आणि पहाटे मेलेले उंदीर मोजून द्यायचे. रात्रीला तीस उंदीर हा ठरलेला कोटा. या नोकरीसाठी पदवीधरांनीही अर्ज केले होते. बेकारी काय करायला लावते याचे याहून दुसरे उदाहरण नको. उंदीर जगतो कचऱ्यावर. कचरा वेळच्या वेळी उचलला नाही, बाजारांच्या, हॉटेलांच्या मागे ढीग साचू दिले, तर एक मारला की दोन येतात. पण कचरा उचलण्याची यंत्रणा नीट करण्यापेक्षा काठी देणे स्वस्त पडते.

याच उंदराने आणलेल्या १८९७ च्या प्लेगात क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी लेकरू पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. कामगारांचे पहिले नेते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे त्याच साथीत, महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला गेले. पाठ्यपुस्तकातला प्लेग मात्र रँडच्या खुनापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो.

हा रोग कामगाराचा आहे हे जगाला नवीन नाही. १८८६ साली जर्मनीत अडॉल्फ वाइल या डॉक्टराने त्याचे वर्णन केले म्हणून त्याला 'वाइलचा रोग' म्हणतात. त्याचा जंतू १९१५ साली जपानमध्ये इनादा आणि इदो या शास्त्रज्ञांनी शोधला. तिथे क्यूशू बेटावरच्या कोळशाच्या खाणीत पाण्यात उभे राहून काम करणारे मजूर या तापाने मरत होते. ब्रिटनमध्ये लेप्टो हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक रोग आहे. उंदरांचा वावर असलेल्या जागी काम करणाऱ्याला, गुरा-डुकरांशी ज्याचा संबंध येतो त्याला तो झाला तर भरपाईचा दरवाजा उघडा असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत लेप्टोस्पायरोसिस हे नाव स्पष्ट शब्दांत आहे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडेही दार अगदीच बंद नाही, हे आम्हाला त्या तरुणाच्या मृत्यूनंतर कायद्याची पुस्तके चाळताना कळले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक तिसरे परिशिष्ट होते. त्याच्या 'अ' भागातली पहिलीच नोंद संसर्गजन्य रोगांची. जनावरे, जनावरांची प्रेते हाताळण्याचे काम त्यात होते आणि संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर कोणतेही काम, असेही त्यात म्हटले होते. अशा कामात असा रोग जडला तर तो कामावर झालेला अपघातच समजावा, असे त्या कायद्याचे कलम ३ सांगत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात गेला, पण ही नोंद नव्या संहितेच्याही तिसऱ्या परिशिष्टात कायम आहे. लेप्टोचे नाव त्यात नाही. ते घालून घेण्यासाठी लढावे लागेल. पण नाव नाही म्हणून दावाच करू नये, असे मुळीच नाही. गटारातला गाळ काढणे हे संसर्गाचा विशेष धोका असलेले काम नसेल तर मग कोणते काम तसे आहे, हे पालिकेच्या वकिलाने न्यायालयात उभे राहून सांगावे!

दाव्याला मात्र कागद लागतो. दोन कागद. एक, तो कामगार होता याचा. दुसरा, त्याला लेप्टोच झाला होता याचा. पहिल्या कागदाची लढाई किती जीवघेणी आहे, ते मुंबईच्या कचरा वाहतूक कामगारांना विचारा. ज्यांना वर्षानुवर्षे 'हे आमचे कामगारच नव्हेत' म्हणून झटकले गेले, अशा २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करा, असा आदेश एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला तेव्हा कुठे ते पालिकेचे झाले. काही योजनांत तर सफाई करणाऱ्याला कामगार न म्हणता 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि पगाराला 'मानधन'. शब्द बदलला की कायदा लागू होत नाही, ही युक्ती आमच्या समाजाला नवीन नाही. म्हणून कंत्राटी मुलांना आमचे सांगणे आहे, हजेरीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गणवेशातला, गाळ काढतानाचा फोटो ठेवा. मजुरी खात्यात घ्या. ज्याच्याबरोबर खाली उतरलात त्याचे नाव-नंबर घरात लिहून ठेवा.

कायम कामगाराची गोष्ट थोडी वेगळी आणि अधिक अवघड. त्याच्या मागे लाड-पागे समितीच्या शिफारशीने वारसाला नोकरी मिळते. सत्तरच्या दशकापासूनची ही सवलत आहे, तिने हजारो घरे वाचवली आणि ती राहिली पाहिजे यासाठी आम्हीही मोर्चात चाललो आहोत. पण मोर्चात चालताना मनात काय येते ते सांगतो. बाप त्या पाण्याने गेला आणि भरपाई म्हणून मुलाच्या हातात दिला तो झाडूच, पाठवला तो त्याच पाण्यात. आम्ही ओळखतो अशा एका घरात मुलगा बी.कॉम. झाला आहे आणि बापाच्या बिल्ल्याच्या जागी त्याचा बिल्ला आला आहे. आई म्हणते, हक्काची नोकरी आहे, सोडू कशी? तिला आम्ही काय उत्तर देणार? आमच्याजवळ उत्तर नव्हते, चहा पिऊन निघालो.

दुसरा कागद म्हणजे निदान, आणि त्याची सुरुवात त्या एका प्रश्नापासून होते. ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याने यासाठी एक साधी गोष्ट केली. खिशात मावेल असे एक छोटे कार्ड छापले. गटारात, शेतात, उंदरांच्या जागी काम करणाऱ्याने ते जवळ ठेवायचे आणि ताप आला की डॉक्टरापुढे धरायचे. डॉक्टर विचारायला विसरला तरी कार्ड विसरत नाही. आपल्या पालिकांनी असे कार्ड प्रत्येक कायम आणि कंत्राटी कामगाराला गमबूट-हातमोज्यांबरोबर द्यावे, पावसाळ्याच्या चार महिन्यांत चौकीवरच वैद्यकीय देखरेखीखाली गोळी द्यावी, पावसाळी आजारांच्या यादीत रुग्णाचा धंदा नोंदवावा, या मागण्या कामगार संघटनांनी यंदा लावून धरल्या पाहिजेत. पालिका कार्ड छापेपर्यंत थांबायचे कारण नाही. आपल्या विहारांत वर्षावासाच्या काळात दर रविवारी माणसे जमतात, आपल्या तरुणांजवळ संगणक आहेत, झेरॉक्स एका रुपयात निघते. मजकूर आम्ही देतो. एका बाजूला नाव, चौकीचा पत्ता, मुकादमाचे नाव आणि शेवटचे पाण्यात उतरल्याची तारीख लिहायला जागा सोडावी. दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरांत हे छापावे :

'डॉक्टर, मी सफाईचे काम करतो. गेल्या महिन्याभरात मी गटाराच्या किंवा साचलेल्या पाण्यात उतरलो आहे. तिथे उंदीर आहेत. मला ताप आहे. हा लेप्टो असू शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी कृपया उपचार थांबवू नका. माझे काम केसपेपरवर लिहा.'